पहिल्या खटक्याच्या बाई

बाई हात पुढे करायच्या. तळवा खाली, बोटं जुळलेली, हात पाटासारखा सपाट. मग चारही बोटं किंचित खाली वाकवायच्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या, "एवढंच. याच्यापेक्षा जास्त नाही."

तो हात म्हणजे विमानाचा पंख, आणि वाकलेली बोटं म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेली फळी. विमानवाले तिला फ्लॅप म्हणतात. हे दाखवायला बाईंना जागा-काळ लागायचा नाही. बँकेच्या रांगेत, किराणा दुकानात, कुठंही त्यांचा पंख पसरायचा. नागपूरच्या महाल भागात माझ्या बहिणीच्या लग्नात पंगतीला त्या माझ्या मामांशेजारी बसल्या होत्या. मामांनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "काहो बाई, एवढं जड विमान वर जाते तरी कसं?" झालं. बाईंनी ताटातली पोळी उचलली, तिची एक कड बोटभर खाली वाकवली आणि समजावायला सुरुवात केली. तूप वाढणारा भांडं घेऊन समोर उभा. पोळी हवेत, ताट रिकामं. शेवटी तो बिचारा म्हणाला, "बाई, उतरली की सांगा, मंग वाढतो."

मी तेव्हा सोनेगावला, विमानतळाच्या कडेच्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात विमान शिकत होतो. घरी गांधीबागेत कापडाचं दुकान. वडिलांचं मत असं की पोरगा आभाळात जाऊन आला तरी शेवटी मांजरपाटच फाडणार, आणि ते शंभर टक्के खरं ठरलं. पण त्या दोन-तीन वर्षांत मला बाई पाहायला मिळाल्या, त्यामुळे माझी तक्रार नाही.

बाई आमच्या प्रशिक्षक होत्या. प्रताप नगरातून स्कूटरवर यायच्या. पँट-शर्ट, आणि लांब वेणी शर्टाच्या आत खोचलेली. वयानं आमच्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या, तिशीच्या आतबाहेर असतील. छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या दिवशी त्या वडिलांचं बोट धरून त्या गर्दीत होत्या. वडील गिरणीत कामाला. मुलगी शाळेत हुशार निघाली, पुढं सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकली आणि मग शिकवायला लागली. एवढं मला ठाऊक होतं. जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

आता थोडं विमानाचं सांगतो, कंटाळू नका. आमच्या क्लबातल्या विमानात दोन आसनांच्या मध्ये एक दांडा होता. तो वर ओढला की खट असा आवाज व्हायचा आणि फ्लॅप थोडे खाली यायचे. अजून ओढला की दुसरा खटका, मग तिसरा. फ्लॅप खाली आले की पंख जास्त भार उचलतो. उतरताना सगळेच ते वापरत. बाईंचं म्हणणं असं की आखूड पट्टीवरून उडतानाही पहिला खटका द्या, म्हणजे विमान कमी वेगात, लवकर जमीन सोडतं. जास्त खटके दिले तर तेच फ्लॅप हवेला अडवतात आणि विमान वर चढायचं नाव घेत नाही. म्हणून एकच.

यातली खरी मेख पुढे आहे. विमान जमीन सोडतं तेव्हा त्याचा वेग बेताचाच असतो. त्या क्षणी ते त्या वाकलेल्या फळीच्या आधारानंच तरंगत असतं. तेव्हाच कोणी दांडा खाली टाकून फ्लॅप मिटले, तर आधार जातो आणि विमान खाली बसतं. वेग वाढेपर्यंत, उंची येईपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. आमच्या पट्टीच्या पलीकडे पाण्याची एक उंच टाकी होती. बाईंचा नियम होता की टाकी पंखाखाली जाईपर्यंत हात मांडीवर. आणि नागपूरच्या मे महिन्यात तर हवा अशी पातळ होते की विमानालाही धाप लागते. त्या दिवसांत हा नियम त्या दुप्पट कडक करायच्या.

सोनेगावची धावपट्टी मोठ्या विमानांसाठी बांधलेली, नजर पोचणार नाही एवढी लांब. तिथं आमच्या चिमुकल्या विमानाला फ्लॅपची गरजच काय? म्हणून बाईंनी एक खेळ काढला होता. पट्टीच्या कडेचा ठरावीक दिवा मागं गेला आणि आपण अजून जमिनीवरच असलो, की त्या इंजिनाचा जोर काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पट्टी संपली."

मी एकदा म्हणालो, "बाई, समोर अजून अर्धं वावर पडलं आहे."

"ते तुले दिसून राहिलं गा," बाई म्हणाल्या. "पुढं ज्या गावात जाशील तिथं नसणार. तिथं बाभळी असतील. फिरव, पुन्हा कर."

अडचण पट्टीची नव्हतीच. अडचण होती क्लबाच्या व्हरांड्याची. तिथं रोज सकाळी चहा घेऊन जुने सभासद बसायचे. त्यांचे पुढारी भाऊसाहेब, निवृत्त मोठे अधिकारी. मनानं वाईट नव्हते, पण जिभेला हाड नाही. भाऊसाहेब जुन्या विमानांवर शिकलेले, ज्यांना फ्लॅप नव्हतेच. त्यामुळे फ्लॅप लावून उडणारा म्हणजे कच्चा गडी, असा व्हरांड्याचा कायदा. तुम्ही फ्लॅप खाली ठेवून त्यांच्यासमोरून उडालात की परत आल्यावर ठरलेला प्रश्न. "काय गा, आज धोतराचा सोगा सोडूनच गेला होता वाटते?" मग सगळे पोट धरून हसायचे.

एकदा भाऊसाहेबांनी बाईंदेखत हीच थट्टा जरा पुढं नेली. म्हणाले, "काही लोकांना सवलतीशिवाय उडताच येत नाही." रोख बाईंच्या शिष्यवृत्तीवर होता, ते सगळ्यांना कळलं. बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, पट्टी सगळ्याइची सारखी लांब नसते," आणि शिकवायला निघून गेल्या. भाऊसाहेब नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पण लोकांच्या हसण्याची भीती वाईट. आम्ही पोरं काय करायचो, तर बाई शेजारी असल्या की शहाण्यासारखे वागायचो. एकट्यानं उडायची पाळी आली की पहिला खटका द्यायचो, आणि चाकं जमिनीवरून उचलली रे उचलली की व्हरांड्यासमोर येण्याआधी दांडा खाली. सोगा आत. विमान पचकन खाली बसायचं, पोटात खड्डा पडायचा, पण पट्टी लांब म्हणून निभावून जायचं. यात सगळ्यात पुढं होता दिलीप.

दिलीप आमच्यात सर्वांत चांगला उडवायचा. महालातला, वडील लहानपणी गेलेले, आईनं शिवणकाम करून वाढवलेला. त्याला एका कंपनीत नोकरी मिळत होती, कपाशीवर विमानातून औषध फवारायची. कापसाच्या वावरांच्या मधोमध मुरमाच्या आखूड पट्ट्या, विमानात औषधाचं ओझं, आणि त्यातून दिवसभर चढउतार. कंपनीची अट एकच होती, आखूड पट्टीवरून हा एकटा नीट उडू शकतो अशी प्रशिक्षकाची सही. दिलीप बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, "नाही."

त्याला वाटलं थट्टा आहे. बाईंनी त्याला धावपट्टीकडे तोंड करून उभं केलं. "काल तू एकटा उडाला, तवा मी गवतात उभी होती. चाकं सुटल्यावर लगेच फ्लॅप मिटले तू. काहून?"

दिलीप बुटाच्या टोकानं गवत उकरायला लागला.

"मी सही केली तर तू मरशील," बाई म्हणाल्या. इतक्या सरळ की मीच दचकलो.

कंपनी थोडे दिवस थांबायला तयार होती. दिलीपनं बाईंशी बोलणं टाकलं. क्लबात कुजबुज सुरू झाली की बाई पोराच्या पोटावर पाय देतात. मला स्वतःलाही ते जरा जास्तच वाटत होतं.

मग दिलीपच्या आईनं मला गाठलं. "मले त्या बाईच्या घरी घेऊन चाल," म्हणाली. आम्ही सायकलरिक्षानं प्रताप नगरला गेलो. बाहेरच्या खोलीत बुद्धाचा फोटो, एक कॉट, खिडकीत तुळशीऐवजी सदाफुलीचं डबडं. बाईंनी स्वतः चहा केला. आई कपाला हात न लावता म्हणाली, "बाई, माह्या पोराचं नशीब तुमच्या सहीवर अडून राहिलं. मी काही शिकली-सवरली नाही. तुम्हीच सांगा, त्याले येत नाही का?"

"येते, मावशी. माह्यापेक्षा चांगलं येते."

"मंग काहून अडवून राहिल्या?"

बाईंनी हाताचा पंख केला. बोटं वाकवली. हळूहळू हात वर नेला आणि मधेच बोटं सरळ करून हात धाडकन मांडीवर आणला. "लोक हसतात म्हणून तो असं करते."

आई त्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लहानपणापासून तसाच हाय. पंगतीत कोणी हसलं त भरल्या ताटावरून उठते." आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर आई क्लबाच्या व्हरांड्यात, भाऊसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत. कोणी बोलावलं, कशी आली, कळलं नाही. दिलीप विमानाकडे जाताना तिला पाहून पांढरा पडला. एकट्यानं उडाला. पहिला खटका, विमान लवकर उठलं, आणि फ्लॅप तसेच खाली ठेवून टाकीवरून गेलं. व्हरांड्यात एका वकीलसाहेबांनी सवयीनं तोंड उघडलं, "आज त सोगा..." तेवढ्यात आई वळली. "तुमचं पोरगं पाठवा न वर. मंग हसू आपण." वकीलसाहेबांनी तोंड चहाच्या कपात घातलं.

आम्हाला वाटलं, सुटला. दिलीप उतरला, आईच्या पाया पडला, बाईंसमोर येऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, "चांगला उडाला. सही आज नाही."

"आता काय राहिलं?" दिलीप जवळजवळ ओरडला.

"आज आई बसली होती. उद्या मावशी वावरात कुठं येऊन बसतील?"

आईचा चेहरा उतरला. मला बाईंचा रागच आला त्या दिवशी. दिलीप आईला घेऊन घरी गेला, पण बाई तशाच व्हरांड्याच्या पायऱ्या चढून भाऊसाहेबांसमोर गेल्या, आणि हात जोडून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमची मदत पाहिजे. उद्यापासून दिलीप उडाला की तुम्ही सगळ्यांनी हसायचं."

भाऊसाहेब चमकले. "आम्ही काय तमासगीर आहोत?"

"रोज फुकट हसता. आता मी मागून घेऊन राहिली. नुसतं व्हरांड्यातून नाही. इंजिनाच्या आवाजात त्याले ऐकू येत नाही, दिसलं पाहिजे. कुंपणापाशी उभं राहून हसा."

दिलीपला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातली प्रतिष्ठित मंडळी कुंपणाला लागून रांगेत उभी. असं दृश्य नागपुरात पुन्हा झालं नसेल. कोणालाच हसू येईना. हसा म्हटलं की माणसाचा जबडा आवळतो. विमान धावत आलं तरी सगळे मयतीला आल्यासारखे. बाई मागून म्हणाल्या, "काहून गप्प आहात?" तेव्हा वकीलसाहेबांना स्फुरण चढलं. त्यांनी आपल्या धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरला आणि विमानाकडे बघून फडकवायला लागले. ते पाहून मात्र सगळ्यांना खरंच हसू फुटलं. भाऊसाहेब तर कुंपणाला धरून वाकले.

दिलीपनं ते पाहिलं. चाकं नुकतीच सुटली होती. फ्लॅप झटक्यात वर गेले. विमान हवेतल्या हवेत खचलं, एक चाक पट्टीवर आदळलं, धूळ उडाली, विमान तिरकं झालं. मग कसंबसं सावरून पुन्हा उचललं.

हसणं जागच्या जागी थांबलं. व्हरांड्यातल्या खुर्चीतून हे कधी एवढ्या जवळून दिसलंच नव्हतं. भाऊसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी कुंपण सोडलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, बस झालं. माझ्याच्यानं हे होणार नाही."

"त्याले जमेपर्यंत तुम्हाले जमवावं लागेल," बाई म्हणाल्या. "इथं खाली पट्टी आहे म्हणून तो वाचला."

दिलीप उतरला. बाई एकट्याच त्याच्याकडे चालत गेल्या, मागून मी. त्यांनी विचारलं, "काहून मिटले?"

या वेळी त्यानं खाली बघूनच, पण उत्तर दिलं. "लोक हसत होते."

"हसून राहिले होते. मी बी हसून राहिली होती. उद्या पुन्हा हसू."

आणि हसले. रोज हसले. भाऊसाहेबांसारखा माणूस रोज सकाळी येऊन, ओठ दाबून धरून, मग ते सोडून मोठ्यानं हसायचा. त्यांच्या डोळ्यांत हसू नसायचं, घाम असायचा. मी त्या काळात बाईंना एकदा विचारलं, "बाई, याला काही झालं तर?" त्या म्हणाल्या, "मले झोप लागत नाही गा या पोरापायी. पण मी आता माया केली, त मंग रडावं लागेल." असं म्हणून स्कूटरला किक मारली. ती बऱ्याच वेळा मारावी लागली.

मग एक सकाळ आली. ऊन कडक होतं, हवा हलत नव्हती. विमान धावत आलं, ठरलेल्या दिव्याच्या अलीकडेच उठलं. कुंपणापाशी सोगा फडकला, हात उंचावले, मंडळी हसली. फ्लॅप खालीच. दिलीपनं आमच्याकडे मान वळवून पाहिलं. मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. आणि तोही हसत होता. विमान तसंच, सावकाश, हट्टानं चढत टाकीवरून गेलं, आणि मगच फ्लॅप मिटले. भाऊसाहेबांनी टोपी काढून तोंड पुसलं. बाईंनी त्या दिवशी नाही म्हटलं नाही, पण होही म्हटलं नाही. आणखी काही सकाळी असंच उडवलं. मग सही केली.

दिलीप गेला. कपाशीचा हंगाम संपल्यावर भेटायला आला तेव्हा रंगानं काळवंडलेला, अंगाला औषधाचा वास. सांगत होता, एका गावी पट्टी फारच आखूड होती, पुढं बाभळींची रांग आणि विमान पाहायला आलेला सगळा गाव कडेला. पोरं बोटं दाखवून ओरडत होती. विमान बाभळींवरून गेलं तेव्हा शेंड्यांची पानं थरथरताना त्याला दिसली. "हात मांडीवर होता," तो बाईंना म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि त्याला विचारलं, जेवलास का.

मी पुढं दुकानात बसलो. बाई बरीच वर्षं शिकवत राहिल्या. त्या सकाळींनंतर पहिल्या खटक्याबद्दल क्लबात कोणी कोणाला हसलं नाही, उलट नव्या पोरांना भाऊसाहेबच दटावत. बाईंनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर गुडघाभर गवतात उभं राहून आभाळाकडे बघायची सवय तेवढी राहिली, तीही मग दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली. त्या वारल्याचं मला उशिरा कळलं. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजलीला मात्र पोचलो.

प्रताप नगरच्या त्याच घरात, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. फोटो बाईंच्या तरुणपणीचा लावलेला. भन्तेजींनी वंदना सांगितली, सगळे बसून राहिले. कोपऱ्यात एक जाड, टक्कल पडलेला, उरलेले केस पांढरे झालेला माणूस भिंतीला टेकून बसला होता. मी ओळखलंच नाही. त्यानंच हाक मारली. दिलीप होता. आयुष्यभर विमान उडवून निवृत्त झालेला, नातवंडं असलेला दिलीप.

उठायची वेळ झाली तर त्याला उठता येईना. "हात दे गा," म्हणाला, "गुडघे पार गेले माझे." मी त्याला ओढून उभं केलं. दारापर्यंत त्याची कुरकुर चालूच. गुडघे, मग साखर, मग डोळ्यांतला मोतीबिंदू, मग सून भाजीत मीठच टाकत नाही. एरवी म्हाताऱ्यांचं असलं रडगाणं मी दोन मिनिटं ऐकत नाही. त्या दिवशी त्याचा हात धरून उन्हात उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, सांग, अजून काय काय दुखतं.